स्टेज १ स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. डॉक्टर पेट स्कॅन (कॅन्सर कुठे पसरलाय का ते पाहणारा अख्ख्या शरीराचा स्कॅन) नको म्हणतात. परत आला तर कळणार कसं?

ताई, तुमचा रिपोर्ट वाचून मला माझीच फाइल उघडल्यासारखं वाटलं. दीड सेंटिमीटरची गाठ, काखेतले नोड्स (लसिका गाठी) साफ, ईआर पॉझिटिव्ह (म्हणजे इस्ट्रोजेन हार्मोनवर वाढणारा), हर-टू निगेटिव्ह (हर-टू हे प्रथिन जास्त नसलेला). २०१७ मध्ये माझी नुसती गाठ काढली, मग रेडिएशन. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे.

स्कॅनसाठी मीही हट्ट धरला होता. डॉक्टर म्हणाले, त्रास काही नसताना स्कॅन करून आयुष्य वाढत नाही. इटलीत ऑपरेशन झालेल्या बायकांवर दोन मोठे अभ्यास झाले, निकाल १९९४ चे. अर्ध्या बायकांच्या हाडांचे स्कॅन, एक्स-रे नेमाने केले, बाकीच्यांची फक्त तपासणी आणि मॅमोग्राफी. जगण्यात फरक पडला नाही. त्यांत पेट नव्हता हे खरं, पण आजही त्रास नसेल तर तो नेमाने करत नाहीत.

पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टर हाताने तपासतात: वण, दोन्ही काखा, गळपट्टीच्या हाडावरचा खळगा. मॅमोग्राफी वर्षातून एकदा, दोन्ही बाजूंची.

आता परत येण्याचं. ईआर पॉझिटिव्ह आजार चिवट, पाच वर्षांनंतरही डोकं वर काढतो. २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ, नोड्स साफ, हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या पाच वर्षं घेऊन तोवर ठणठणीत असलेल्या बायकांपैकी विसाव्या वर्षापर्यंत साधारण १३ टक्के जणींना तो शरीरात दुसरीकडे उद्भवला. त्यांचे उपचार जुन्या काळचे होते, आज आकडा कमी असू शकतो, पण धोका उरतोच. म्हणून स्कॅनपेक्षा टॅमॉक्सिफेनची (त्याच हार्मोन रोखणाऱ्या औषधाची) गोळी महत्त्वाची. घामाने रात्री उशी ओली व्हायची, दोनदा सोडावीशी वाटली. मी स्ट्रिप चहाच्या डब्याला रबराने बांधून ठेवली. चहा चुकत नाही, गोळीही चुकली नाही. मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. गोळी चालू असताना योनीतून अवेळी रक्तस्राव झाला तर लगेच दाखवा.

दिवाळीची माळे-सफाई करून माझी कंबर धरली, तेव्हा रात्रभर मला हाडातला कॅन्सरच दिसत होता. चार दिवसांत थांबली. आठवडे उलटूनही न थांबणारं हाडाचं दुखणं, वणाजवळ किंवा काखेत नवी गाठ, चिवट खोकला, धाप, असं काही असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

आणि मॅमोग्राफीला जुन्या फिल्म घेऊन जा. मी पहिल्या खेपेला विसरले. ऑपरेशनचा वण संशयास्पद वाटला, बायोप्सीपर्यंत बोलणं गेलं. नवऱ्याने घरून फिल्म आणल्या, शेजारी लावून पाहिल्या, मग सोडलं.