ठिपके जोडायचे की वळसा घालायचा?

“मॅडम, पोरगी घरात तमिळ बोलंना झालीया. आईनं तमिळमध्ये हाक मारली की चिडती. दोन भाषा, दोन रीती, यात गोंधळली असंल का?”

समुपदेशनासाठी माझ्याकडं आलेले हे वडील विट्याकडचे. (तपशील बदलले आहेत.) खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यासाठी, म्हणजे जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करायला, देशभर पांगलेली. हे कोइमतूरला गेले आणि लग्नही तिथल्याच मुलीशी केलं. आता कुटुंब सांगलीत आलंय. मुलगी १३ वर्षांची. वर्गात तिला ‘इडली’ म्हणतात, आजोळी तिच्या तमिळमधल्या मराठी हेलाला हसतात.

पहिल्या भेटीत माझंच चुकलं. कागदावर मधोमध रेघ मारून दिली: इकडं आईचं घर काढ, तिकडं बाबांचं. कागद कोराच परत आला. सगळे तिला जे विचारून बेजार करतात, तेच मी रंगपेटी पुढं ठेवून विचारलं होतं.

पुढच्या वेळी नुसती वाटीभर रांगोळी ठेवली. तिनं ठिपके मांडले, पण जोडले नाहीत. रेघ ठिपक्यांना न शिवता, वळसे घेत निघाली.

“सिक्कु कोलम, तिकडची रांगोळी. पाट्टी, म्हणजे आईची आई, तांदळाच्या पिठाचं काढते, मुंग्यांना खायला होतं. ही रांगोळी फार भसाभसा सुटते.”

“आणि आजी?”

“आजी ठिपके जोडते.”

मग दहा मिनिटं ती दोघींच्या बोटांबद्दल बोलत होती. तिसऱ्या भेटीत एकाच जाळीत काही ठिपके जोडले गेले, काहींना वळसा पडला. दोनदा फसलं, तिनंच पुसलं. मी अर्थ लावत बसले नाही. एका चित्रावरून मुलाचं मन ओळखून दाखवणाऱ्यांचा मला तसाही राग येतो.

वडिलांना सांगितलं, दोन भाषांनी मूल गोंधळत नाही. टोचतं ते ‘तू नक्की कुठली?’ हे विचारणं. आईनं तमिळ सोडू नये, उत्तर मराठीत आलं तरी चालेल. चिडवण्याबद्दल मात्र वर्गशिक्षिकांशी तुम्ही जाऊन बोला, ते तिच्या एकटीवर टाकू नका. झोप, जेवण बिघडलं किंवा ती शाळा टाळायला लागली, तर लगेच कळवा.

महिन्यानं फोन आला. चिडवणं कमी झालं होतं.

“तमिळ अजून न्हाई बोलत. पर काल आईला इचारत हुती, कोलमला पीठ किती बारीक दळायचं.”

“कुठल्या भाषेत?”

“मराठीत. आईनं तमिळमध्ये सांगितलं.”