छंद म्हणून चावीची घड्याळं दुरुस्त करायला शिकायचं आहे, सुरुवात कशी करावी?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: आजोबांचं बंद पडलेलं एचएमटी 'जनता' स्वतः उघडून बघावं का, शिकायला कोर्स लागतो का, आणि सुरुवातीला खर्च किती येतो. मी पेशाने घड्याळजी नाही. नोकरी वेगळीच आहे, जेवणं आटोपली की टेबलावर दिवा ओढून बसणाऱ्यांपैकी मी. तेव्हा हे उत्तर एका छंदिष्टाचं समजून वाचा.

आजोबांचं घड्याळ आत्ता उघडू नका. कोरड्या जागी, झिपच्या पिशवीत नीट ठेवून द्या. ओल लागली नाही तर बंद घड्याळाला वर्षानुवर्षं काही होत नाही. 'बघू तरी चालतंय का' म्हणून अधूनमधून चावी देऊन हलवण्याचा मोहही आवरा. आतलं तेल वाळून चिकट झालेलं असतं, त्यात धूळ आणि धातूचा कीस मिसळलेला असतो, आणि असं घड्याळ चालवलं की चक्रांच्या आसांची बारीक टोकं, म्हणजे पिव्हट, झिजतात. आज नुसत्या सफाईने सुटणारं काम उद्या पार्ट बदलण्यावर जातं.

मग हात कशावर बसवायचा? माझं मत ठाम आहे: एकच मशीन, म्हणजे घड्याळाच्या आतली यंत्रणा, घ्यायचं आणि तेच पुन्हापुन्हा खोलायचं, पुन्हापुन्हा जोडायचं. नवशिके नेमकं उलटं करतात. बाजारातून पाच-सहा वेगवेगळी बंद घड्याळं उचलतात, प्रत्येकात निराळा बिघाड, निराळे स्क्रू, कुठे स्प्रिंग गायब, कुठे आधीच्या कुणी केलेला घोळ. महिन्याभरात डबाभर सुटे भाग जमतात आणि चालू घड्याळ एकही नसतं. चालणारं घड्याळ खोलून पुन्हा चालतं करता येणं ही पहिली पायरी. बंद पडलेलं चालू करणं त्यानंतर. चालू घड्याळ तुमच्या हातून बंद पडलं तर दोष जोडणीत आहे हे निदान नक्की कळतं.

सरावासाठी स्विस कंपनी ईटीएचं ६४९७ किंवा त्याची चिनी नक्कल, एसटी३६ नावाने मिळते ती, याहून बरं काही नाही. मुळात खिशातल्या घड्याळाचं हे मशीन, ३६.६ मिमी व्यासाचं. मनगटी एचएमटीचं मशीन याच्या मानाने बरंच लहान. मोठं असल्यामुळे कुठला भाग काय करतो हे नुसत्या भिंगातून स्वच्छ दिसतं. ऑटोमॅटिक नाही, तारीख नाही, नसती गुंतागुंत नाही. नक्कल असल्याने बिघडली तरी जीव तुटत नाही.

खोलण्याआधी एक हिशेब कागदावर करा. स्प्रिंग गुंडाळलेली असते त्या बॅरलपासून जोर निघतो, सेंटर व्हील, थर्ड, फोर्थ या चक्रांतून पुढे जात एस्केप व्हीलपर्यंत पोचतो. सेंटर व्हील तासाला एक फेरा घेतं, फोर्थ मिनिटाला एक. एस्केप व्हीलला बहुधा १५ दात असतात आणि एका दातामागे दोन टिक पडतात. तासाला १८,००० ठोक्यांचं घड्याळ म्हणजे सेकंदाला पाच टिक. म्हणजे एस्केप व्हीलची एक फेरी सहा सेकंदांत, मिनिटाला दहा. एवढं डोक्यात बसलं की कुठलं चक्र किती वेगाने फिरायला हवं ते बघताक्षणी कळतं, आणि बंद घड्याळात जोर कुठपर्यंत पोचलाय आणि कुठे अडलाय ते शोधता येतं. एस्केप व्हीलपर्यंत जोर येत असेल तर दोष पुढे, पॅलेटमध्ये (एस्केप व्हीलचा एकेक दात अडवून सोडणारा तुकडा) किंवा बॅलन्समध्ये (मागेपुढे झुलणारं चाक). तिथपर्यंत येतच नसेल तर मागे. दुरुस्तीतलं अर्धं काम हे असं बघण्याचंच असतं.

आता प्रत्यक्ष खोलताना. पंखा बंद करा. मे महिन्यात जिवावर येतं, पण हेअरस्प्रिंगवर, म्हणजे बॅलन्सच्या केसासारख्या बारीक वेटोळ्या स्प्रिंगवर, आणि सुट्या भागांवर वारा नको. टेबलावर पांढरा कागद, खाली गालिचा-सतरंजी काही नको. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा. सगळ्यात आधी स्प्रिंगमधला जोर उतरवायचा. चावी बोटांत घट्ट धरून किंचित पुढे फिरवा, म्हणजे खटक्यावरचा, स्प्रिंगला उलटं सुटू न देणाऱ्या अडकणीवरचा, भार जातो. चिमट्याच्या टोकाने खटका बाजूला धरा आणि चावी बोटांतून हळूहळू उलटी सरकू द्या. हे न करता पॅलेट काढलं तर सगळी चक्रं क्षणात सुसाट फिरतात आणि एखादा दात किंवा पिव्हट जातो. खटक्याची बारीक स्प्रिंग काढताना अख्खं मशीन पारदर्शक पिशवीत धरून काम करा, कारण ती उडते आणि उडाली की घरातले सगळे गुडघ्यांवर येतात.

चावीची दांडी बाहेर काढायला काही मशीनमध्ये एक बटण दाबावं लागतं, काहींत एक स्क्रू सैल करावा लागतो. स्क्रू असेल तर जेमतेम दांडी सुटेल इतकाच सैल करायचा. पूर्ण काढला तर डायलच्या बाजूचा, दांडी धरून ठेवणारा सेटिंग लिव्हर सुटतो, आणि मग काटे-डायल काढून तिकडून काम करण्यावाचून गत्यंतर नाही. आणखी एक: काही मशीनमध्ये क्राउन व्हीलचा, म्हणजे चावीची फिरकी स्प्रिंगकडे नेणाऱ्या चक्राचा, स्क्रू उलट्या आट्यांचा असतो. बऱ्याचदा त्याच्या डोक्यावर एकाऐवजी तीन रेघा असतात. स्क्रू निघत नसेल तर जोर लावण्याआधी हे आठवा.

खरी परीक्षा जोडताना, चक्रांवरचा ब्रिज, म्हणजे त्यांची वरची टोकं धरणारी पट्टी, बसवताना होते. तीन-चार चक्रं उभी आहेत, प्रत्येकाचा वरचा पिव्हट जेमतेम केसाएवढा, आणि हे सगळे एकाच वेळी आपापल्या खड्याच्या (पिव्हट ज्यात फिरतो त्या बारीक माणकाच्या) भोकात जायला हवेत. ब्रिज वर ठेवा. एका हाताने लाकडी काडीने त्याला अगदी हलका भार द्या, इतका हलका की भार आहे असं म्हणवणार नाही. दुसऱ्या हातातल्या चिमट्याने एकेका चक्राला बाजूने किंचित हलवा. मशीन डोळ्यांच्या पातळीवर आणून आडवं बघा: ब्रिज एका बाजूने उचललेला दिसेल, म्हणजे तिथला पिव्हट अजून बाहेर आहे. तो आत गेला की ब्रिज स्वतःच पूर्ण खाली बसतो आणि बोटाला ते जाणवतं. त्याआधी स्क्रू आवळायचा नाही, एक वेढाही नाही. स्क्रूच्या जोराने ब्रिज बसवू गेलात तर पिव्हट मोडतो किंवा खडा तडकतो. बसल्यावर थोडा स्क्रू, मग बॅरलला बोटाने हलकासा धक्का, चक्रं फिरताहेत ना बघणं, मग आणखी थोडा स्क्रू. चक्रांची ही रांग मोकळी फिरत असेल तर थांबताना एस्केप व्हील किंचित उलटं फिरून मग स्थिर होतं. पहिल्यांदा या एका ब्रिजला संध्याकाळ गेली तरी त्यात नवल नाही.

बॅलन्स उचलताना तो त्याच्या ब्रिजला हेअरस्प्रिंगने लोंबत येतो. घाबरू नका, मात्र झोके देत फिरवूही नका. बसवण्याआधी चावीचे दोन-चार वेढे द्या. बॅलन्सखालचा बारीक खडा पॅलेटच्या खाचेत बरोबर गेला की स्क्रू आवळायच्या आधीच बॅलन्स आपोआप झुलायला लागतो. हे बघायला घरातलं कुणीतरी बोलवावंसं वाटतं, बोलवा.

सफाई आणि तेल यावर घड्याळजी लोकांची मतं भरपूर आहेत. जुने कारागीर पेट्रोलमध्ये धुतात. फ्लॅटमध्ये, गॅसच्या शेजारी, हे करू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल सहज मिळतं, पण पॅलेटचे खडे शेलॅक लाखेने चिकटवलेले असतात आणि अल्कोहोलमध्ये ती लाख विरघळते, म्हणून पॅलेट आणि बॅलन्स त्यात भिजत टाकायचे नाहीत. ते लायटरच्या नॅफ्थात. अल्ट्रासॉनिक यंत्राची सुरुवातीला गरज नाही, काचेच्या झाकणाच्या बरण्या आणि मऊ ब्रश पुरतात.

तेलाबाबत नियम सोपा आणि पाळायला अवघड: कमी. वेगाने फिरणाऱ्या बारीक पिव्हटना पातळ तेल, मोबियस ९०१० सारखं. सावकाश आणि जोराने फिरणाऱ्या भागांना दाट तेल. चावीच्या यंत्रणेला ग्रीस. खड्याच्या वाटीत तेल अर्ध्याच्या थोडं वरपर्यंत दिसलं की थांबायचं. वाटी भरून वाहिली तर तेल तिथून पसरून निघून जातं आणि पिव्हट कोरडा पडतो. पॅलेटच्या पिव्हटना तेल अजिबात नाही. हेअरस्प्रिंगला तेलाचा स्पर्शही नाही, वेटोळे एकमेकांना चिकटले की घड्याळ पळत सुटतं. शिलाई मशीनचं तेल, खोबरेल, डब्ल्यूडी-४० यांचा विचारही करू नका.

घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढे जात असेल तर आधी चुंबकत्व तपासा. स्पीकर, मोबाइल कव्हरचं मॅग्नेट, कशानेही हेअरस्प्रिंग चुंबकीय होते. डीमॅग्नेटायझर हे स्वस्त खोकं आहे आणि त्याने सेकंदात काम होतं. वेळ मोजायला टाइमग्राफर यंत्र मिळतं. सुरुवातीला फोनवरची ॲपही चालतात. चावी पूर्ण देऊन, डायल वर ठेवून, बॅलन्सचा झोका २७० ते ३०० अंशांच्या आसपास आला म्हणजे सफाई नीट झाली. एक खाचखळगा: झोका मोजताना यंत्र लिफ्ट अँगल (एका टिकमागे बॅलन्स पॅलेटला लागून असतो तेवढा कोन) ५२ अंश धरून चालतं, ६४९७ चा मात्र ४४ आहे. तो बदलला नाही तर झोका आहे त्याहून जास्त दिसतो आणि आपण उगाच खूश होतो. तसंच, दिवसाला एक मिनिट चुकणारं घड्याळ वाईट म्हणण्याआधी बघा: ८६,४०० सेकंदांत ६० म्हणजे ०.०७ टक्के. जुन्या 'जनता'कडून दिवसाला अर्ध्या मिनिटाच्या आत चूक आली तर मी तिला हात लावत नाही.

हत्यारांचा खर्च. चांगला चिमटा आणि चांगले स्क्रूड्रायव्हर यांत काटकसर नको, बाकी सगळं स्वस्तात चालतं. स्क्रूड्रायव्हरचं पातं स्क्रूच्या खाचेत घट्ट आणि पूर्ण रुंदीचं बसायला हवं, नाहीतर तो निसटून ब्रिजवर ओरखडा काढतो. डोळ्याला लावायचं भिंग, मशीन धरायचा होल्डर, काटे काढायची लिव्हर, बोटांवर चढवायच्या रबरी टोप्या (फिंगर कॉट), लाकडी काड्या, रोडिको नावाची चिकट माती. तेलं महाग पडतात, २ मिलीच्या बाटलीला साध्या स्क्रूड्रायव्हर सेटएवढे पैसे जातात, पण छंदवाल्याला ती बाटली मुदत संपेपर्यंतही संपत नाही. सगळं एकदम घेऊ नका.

कोर्स लागतोच असं नाही. ब्रिटिश होरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट टपालाने-ऑनलाइन अभ्यासक्रम चालवते, पण ते पेशा म्हणून करणाऱ्यांना जास्त उपयोगाचं. त्यापेक्षा गल्लीतल्या एखाद्या जुन्या घड्याळजी काकांकडे दुपारी, गिऱ्हाईक नसताना, बसायला मिळालं तर बघा. सुरुवातीला ते 'सोडा हो, सेलवरचं घ्या आणि वापरा' म्हणतील. दोन-चार वेळा चहा घेऊन गेलात की काटा कसा दाबायचा ते हातात धरून दाखवतील.

६४९७ हाताखालून गेलं की एचएमटीकडे वळा. १९६१ साली जपानच्या सिटीझनच्या सहकार्याने बंगळुरूत हा कारखाना उभा राहिला, आणि जनता, पायलट, कोहिनूर यांत बहुधा सापडणारं १७ खड्यांचं ०२३१ मशीन त्याच सिटीझनच्या घराण्यातलं आहे. २०१६ मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला, तरी घड्याळं इतकी विकली गेली होती की भागांसाठी बंद जनता सहज मिळते. दोन-तीन अशीच घेऊन ठेवा. बायकांच्या छोट्या मशीनपासून आणि ऑटोमॅटिकपासून तूर्त लांब राहा.

पुण्यात जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, मुंबईत चोर बाजार आहे. तिथे आणि ऑनलाइनही 'मुंबई स्पेशल' नावाचा प्रकार भेटेल: लालभडक किंवा पोपटी रंगाची नवी रंगवलेली डायल, एका कंपनीची केस, दुसरीचे काटे, आत तिसऱ्याच घड्याळातून आलेले पार्ट. दिसायला देखणं, पण शिकणाऱ्याच्या जिवावर उठतं, कारण घड्याळ चालत नाही ते तुमच्यामुळे की मुळातच चुकीचा भाग बसवल्यामुळे, हे कळायला मार्ग नसतो. विकत घेताना विक्रेत्याला मागचं झाकण उघडायला सांगा. स्क्रूच्या खाचा कुरतडलेल्या, ब्रिजवर ओरखडे, दांडीच्या बाजूला तांबूस गंज दिसला तर ठेवून द्या. चावी दिल्यावर ती पुढे जोर घेत नसेल, नुसतीच फिरत असेल, तर स्प्रिंग तुटलेली किंवा खटका गेलेला आहे. बाकी मशीन स्वच्छ असेल तर भाव पाडून असं घड्याळ खुशाल घ्या. आणि फार जुन्या डायलवर काळपट-पिवळा चमकणारा रंग असेल तर तो रेडियमचा, म्हणजे किरणोत्सारी, असू शकतो. तो खरवडायचा नाही, फुंकायचा नाही, त्या डायलवर ब्रशही चालवायचा नाही.