लाकडी क्लॅरिनेट नवंच घ्यावं का? तडा गेलेलं घेऊ नये का?

तुम्ही लिहिलंय, प्लास्टिकच्या क्लॅरिनेटवर हात बसलाय, आता मधल्या दर्जाचं लाकडी हवंय, पण वापरलेल्यात तडा असेल म्हणून नवंच बघताय. या तड्याच्या धास्तीबद्दल मला लिहायलाच हवं.

माझ्या क्लॅरिनेटला तडा आहे. वरच्या जोडाला, म्हणजे नळीच्या वरच्या तुकड्याला, ट्रिलच्या (दोन स्वर भराभर आलटून पालटून वाजवायच्या) चाव्यांच्या भोकांजवळ. तिथेच तो सहसा जातो. घेताना मला तो माहीत होता. कारागिराने भेगेत गोंद मुरवून आडव्या पोलादी पिना घातल्या होत्या. उजेडात तिरकं धरलं तरच रेघ दिसते. मी जोड सुटा केला, भोकं बोटांनी बंद केली, खालचं तोंड तळहाताने दाबलं आणि वरून हवा ओढली. जोड ओठाला चिकटून राहिला, म्हणजे हवा कुठूनच गळत नव्हती. मग आणखी काय तपासायचं?

तरी आमच्या बँडमधले एक ज्येष्ठ सगळ्यांदेखत म्हणाले, "तडा गेलेलं वाद्य मेलेलं वाद्य." त्यांनी चांदीच्या मुलाम्याच्या चाव्यांचं नवंकोरं घेतलं, पहिल्या दिवसापासून तासन्‌तास वाजवलं, आणि पहिल्याच हिवाळ्यात ते चिरलं. मला आनंद झाला नाही, वाईटच वाटलं. पण कारण उघड आहे. क्लॅरिनेटचं लाकूड म्हणजे ग्रेनाडिला, शिसवाच्याच कुळातलं. श्वासाच्या उबेने आणि ओलीने आतून फुगतं, बाहेरून थंड आणि कोरडं राहतं. हा ताण नव्या लाकडाला सोसत नाही. म्हणून नवं वाद्य सुरुवातीचे काही आठवडे रोज थोडा वेळच वाजवायचं, आणि वाजवून झालं की लगेच आतून पुसायचं. जुन्याने हे सगळं आधीच सोसलेलं असतं.

मॉडेलचं म्हणाल तर बुफेचं ई १३ किंवा यामाहाचं ४५०, दोन्ही चांगली. मात्र नावावर जाऊ नका, ट्यूनर घेऊन जा. खालचा जी वाजवा, रजिस्टरची (स्वर एकदम वर नेणारी) चावी दाबा, वरचा डी किती सुरात येतो बघा. असेच बाकीचे स्वर. थोडा फरक सगळ्यांतच निघतो. ओठाने सावरता येत नसेल तर ते वाद्य सोडा. थ्रोट बी फ्लॅट, म्हणजे खालच्या स्वरांच्या अगदी वरच्या टोकाचा स्वर, जरा घुसमटतोच, त्या स्वराला रजिस्टरच्या चिमुकल्या भोकावरच भागवावं लागतं. चांदी की निकेल, याने सूर बदलत नाही. पैसे उरले तर चांगल्या माउथपीसवर घाला. आवाजात फरक तिथे आधी कळतो.

एक सांगायचं राहिलं. तडा भोकाच्या आरपार गेला असेल किंवा टेननमध्ये (एक जोड दुसऱ्यात बसतो त्या टोकात) उतरला असेल, तर जाणत्या कारागिराला दाखवल्याशिवाय घेऊ नका. आणि प्लास्टिकचं विकू नका. उघड्यावर, थंडीत किंवा उन्हात वाजवायला तेच न्या.