होमस्टेची साइट: एडिटरमध्ये करू की हाताने?

प्रश्न: नमस्कार, गुहागरला आमचा चार खोल्यांचा घरगुती होमस्टे आहे, आता साइट करायचीय. भाचा म्हणतो ड्रॅग-ड्रॉपवाल्या एडिटरमध्ये एका संध्याकाळी उरकेल, मुलगी डिप्लोमाला आहे ती म्हणते एडिटर नुसता कचरा कोड घालतो, मी हाताने एचटीएमएल (वेबपानाचा कोड) लिहिते. रोज जेवताना हाच वाद. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, गुहागर

उत्तर: आधी हे ठरवा की मे महिन्यात दर वाढले की साइटवर बदलणार कोण. मुलगी परीक्षेत असेल आणि तुम्ही कोडला हात लावायला घाबरत असाल तर एडिटरच बरा, नाहीतर जुने दर तसेच राहतील आणि गिऱ्हाईक दारात येऊन भांडेल.

बाकी मुलगी खोटं बोलत नाहीये. एडिटरमध्ये दोन ओळी टाकल्या तरी मागे कोडमध्ये डिव्हच्या (म्हणजे पानाच्या कप्प्याच्या) आत डिव्ह, त्यात परत डिव्ह, वर स्क्रिप्ट आणि फॉन्ट लोड होतात ते वेगळंच. हाताने लिहिलेलं तेच पान काही केबीत बसतं, आणि तुमचं गिऱ्हाईक कुंभार्ली घाटात एका कांडीच्या रेंजवर ते उघडत असतं हो! पण खरं सांगू, साइट जास्त करून फोटोंनी जड होते. मोबाइलचा चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवला तर दोघांचीही साइट रखडणार, रुंदी हजार-बाराशे पिक्सेल करून मगच टाका.

आणि भाच्याला अगदीच हसू नका, वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये सर्न या संशोधन संस्थेत पहिला ब्राउझर केला तो एडिटरपण होता, त्यात टॅग (कोडच्या खुणा) न लिहिता पान करता यायचं.

माझं मत विचाराल तर चार खोल्यांना एक पान पुरे, ते मुलीलाच करू दे. फाइल तुमच्याकडे राहते, उद्या होस्टिंग (साइट ठेवायची जागा) बदललं तरी उचलून न्या, बऱ्याच एडिटरवाल्या कंपन्यांकडून साइट अशी बाहेर काढता येत नाही. फक्त तिला व्ह्यूपोर्टची मेटा ओळ (पान मोबाइलच्या रुंदीत बसवणारी) विसरू नको म्हणावं, नाहीतर मोबाइलवर सगळं मुंगीएवढं दिसतं. दर असतील तिथे कोडमध्ये ‘दर इथे बदला’ अशी मराठीत कॉमेंट (पानावर न दिसणारी टीप) टाकून ठेवू दे, म्हणजे तुम्हालाही जमेल. जुन्या ब्रोशरचा मजकूर डीटीपीवाल्याकडून तसाच आणून चिकटवू नका, तो जुन्या फॉन्टात असला तर साइटवर अगम्य अक्षरं दिसतील, युनिकोडमध्ये परत टाइप करा. आणि फोन नंबर फोटोवर छापू नका, लिंक करून टाका, दाबला की कॉल लागला पाहिजे.