सोयाबीनला पाण्याचा ताण बसला की प्रकाशसंश्लेषण का मंदावतं?

कच्चा माल म्हणून लागणारं पाणी संपतं म्हणून, असं बरेच जण सांगतात. तसं नाही. मुळांनी शोषलेल्या पाण्यातलं १ टक्कासुद्धा या कामाला लागत नाही. बहुतेक सगळं वाफ होऊन उडतं. खरी अडचण हवेची आहे. जमीन सुकू लागली की झाडात ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं आणि पानांवरची पर्णरंध्रं, म्हणजे हवा-वाफेची बारीक छिद्रं, मिटतात. पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइड आत यायचाही बंद होतो. ऊन मात्र चालूच. वाफ उडून मिळणारा गारवा थांबल्याने पान तापतं, आणि ताण लांबला तर वापराविना उरलेल्या ऊर्जेने हरितद्रव्याची यंत्रणाच बिघडते.

ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली की भर दुपारी शेतात बघा: सोयाबीनची पानं उलटून खालची पांढुरकी बाजू वर येते. ऊन चुकवायची ही त्याची युक्ती. संध्याकाळी पानं सरळ झाली तर फारसं बिघडलेलं नाही. सकाळीही मलूल दिसली तर थांबू नका, पाणी द्या.

ज्वारी जास्त तग धरते, कारण ती पानाच्या आत कार्बन डायऑक्साइड एका जागी गोळा करून दाट करते आणि वापरते. रंध्रं अर्धवट मिटली तरी तिचं भागतं. सोयाबीनला ती सोय नाही. पाण्याची एकच पाळी देता येत असेल तर शेंगा भरताना द्या.