वायफायवर गेम अडकतो? आधी दोष कुठे आहे ते शोध

लगेच महागडा प्लॅन घेऊ नकोस. गेम चालू असताना राउटरच्या पत्त्यावर, बहुधा १९२.१६८.१.१, सतत पिंग (छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड) लावून ठेव. आकडा मध्येच १०० मिलिसेकंदांवर उडाला तर दोष वायफायचा. मग राउटरच्या सेटिंगमध्ये वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ बँडला वेगळं नाव देऊन तिथेच जोड. मध्ये जाड भिंती असतील तर हा बँड दमतो, २.४ गिगाहर्ट्झवर राहावं लागलं तर चॅनेल १, ६ किंवा ११ आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेव.

राउटरचा पिंग स्थिर, तरी लॅग? बहुतेक वेळा घरातल्या कुणाचे तरी फोटो क्लाउडवर चढत असतात आणि अपलोडची रांग तुंबते. राउटरमध्ये एसक्यूएम (डेटाची रांग तुंबू न देणारी सोय) असेल तर अपलोड मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांवर लाव. वायफायऐवजी राउटरपासून कॅट ६ (नेटवर्कची) केबल ओढलीस तरी हे ठेवच, कारण ही रांग केबलवरही तुंबते.