क्रीटला जाण्याआधी ग्रीक : कोणते शब्द, किती आणि कशासाठी?

प्रश्न : मी कोल्हापूरला हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला आहे. एप्रिलपासून सहा महिने ग्रीसमधल्या क्रीट बेटावर एका हॉटेलात प्रशिक्षणाला जाणार आहे. नेटवर मिळालेल्या एका जुन्या पुस्तकातून रोज वीस शब्द पाठ करते (पाणी ‘ह्युदोर’, पाव ‘आर्तोस’ असे), पण आठवड्यात विसरते. सुरुवात कशी करू? आणि ग्रीकवर पुढे करिअर होईल का?

उत्तर : करिअरचं आधी सांगते. ग्रीसची लोकसंख्या जेमतेम एक कोटीच्या घरात आहे, ग्रीक बोलणारा शेजारचा सायप्रस धरला तरी फार भर पडत नाही. निव्वळ ग्रीकच्या जोरावर इथे नोकरी मिळेल, अशी आशा मी तुला लावणार नाही. क्रीटला जर्मन आणि ब्रिटिश पाहुणे मोठ्या संख्येने येतात, त्यामुळे रिसेप्शनवर इंग्रजीच्या जोडीला जर्मन जास्त कामाला येईल. पण किचन, हाउसकीपिंग, स्टोअर इथली बरीचशी बोलाचाली ग्रीकमध्ये होते आणि हाताखालच्या पोरीला किती शिकवायचं, हेही तिथेच ठरतं. तेवढ्यासाठी ग्रीक जरूर शीक.

ते पुस्तक मात्र आजच बाजूला ठेव. त्यातली भाषा प्राचीन आहे. आज पाण्याला ‘नेरो’ म्हणतात, पावाला ‘प्सोमी’, माशाला ‘प्सारी’, घराला ‘स्पीती’. ग्रीसमध्ये लिहिण्याची भारदस्त भाषा आणि लोकांची बोली यांत फार काळ अंतर होतं. १९७६ मध्ये बोलीला अधिकृत दर्जा मिळाला आणि १९८२ मध्ये अक्षरांवरची जुनी चिन्हं जाऊन आघाताचं एकच चिन्ह उरलं. पुस्तक निवडताना एवढं पाहा : शब्दांवर तऱ्हेतऱ्हेची चिन्हं दिसली, तर ते तुझ्या कामाचं नाही. जुने शब्द अगदी नाहीसे झालेले नाहीत. बेकरीच्या पाटीवर ‘आर्तोपीईओ’ लिहिलेलं दिसेल, पण लोक जातात ते ‘फूर्नोस’मध्ये. पाटीवरचा शब्द ओळखता आला म्हणजे पुरे, बोलायला ‘फूर्नोस’च शीक.

विसरतेस, कारण शब्द सुटे पाठ करतेस. ‘थेलो’ म्हणजे ‘मला हवं’. ‘थेलो नेरो’, ‘थेलो अलाती’ (मीठ), ‘थेलो माहेरी’. माहेरी म्हणजे सुरी, हा शब्द कोल्हापूरची मुलगी विसरणं शक्य नाही! पाहुण्याला विचारायचं तर ‘थेलेते काफे?’, म्हणजे ‘कॉफी घेणार?’. आपल्या ‘तुम्ही’सारखं त्यांच्याकडेही आदराला अनेकवचन लागतं. शेफला ‘या सास’ म्हण, बरोबरीच्या मुलांना ‘या सू’.

मराठी माणसाला एक मोठी सोय आहे. ग्रीकमध्येही तीन लिंगं आहेत. इंग्रजीतून शिकणारे इथेच अडखळतात. आपल्याला निर्जीव वस्तूंना लिंग असण्याचं नवल नाही, फक्त कोणत्या शब्दाचं कोणतं ते लक्षात ठेवायचं. नामाआधी पुल्लिंगाला ‘ओ’, स्त्रीलिंगाला ‘ई’, नपुंसकलिंगाला ‘तो’ लागतो. या ‘तो’ने गोंधळू नकोस, तो आपल्या ‘ते’च्या जागी येतो. प्रत्येक नाम त्याच्यासकट पाठ कर : ओ द्रोमोस (रस्ता), ई थालासा (समुद्र), तो माहेरी. पिरूनी (काटा), कुताली (चमचा), पोतीरी (पेला) असे ‘-ई’ने संपणारे टेबलावरचे शब्द बहुतेक नपुंसकलिंगी, म्हणजे एका दमात चार झाले. आकडेही परके वाटणार नाहीत : द्यो, त्रीआ, एफ्ता, ओख्तो, देका. द्वि, त्रि, सप्त, अष्ट, दश शेजारी ठेवून बघ.

कान मात्र आतापासून तयार कर. ‘ने’ म्हणजे हो आणि ‘ओही’ म्हणजे नाही. आपल्याला ‘ने’ नकारासारखा ऐकू येतो, म्हणून घाईच्या वेळी हमखास चूक होते. आघातही जप : ‘पोते’त पहिल्या अक्षरावर जोर दिला तर ‘केव्हा’, शेवटच्यावर दिला तर ‘कधीच नाही’. देवनागरीत हा फरक दिसत नाही, मी इथे ती वापरली ती फक्त ओळखीपुरती. चोवीस अक्षरांची लिपी पहिल्याच आठवड्यात शिकून घे. आल्फा, थीटा, पाय गणितात भेटलेलेच आहेत. रोज थोडा वेळ ईआरटी या तिथल्या सरकारी प्रसारण संस्थेचा रेडिओ लाव, कळलं नाही तरी चालेल. क्रीटमधल्या जुन्या माणसांच्या तोंडी ‘के’ (आणि) हा शब्द ‘चे’ असा येईल, त्याने बावरू नकोस.

परीक्षेची घाई नको. परत जायचं ठरलं, तर थेसालोनिकीच्या ग्रीक भाषा केंद्राच्या ए१ (सगळ्यांत सोपी) ते सी२ (सगळ्यांत अवघड) अशा पातळ्यांच्या परीक्षा आहेत, तेव्हा ए१ किंवा ए२चा विचार कर.

आता एक काम. हॉटेलला मेल करून त्यांचं ग्रीक मेन्यूकार्ड आणि ड्यूटीच्या वेळापत्रकाचा नमुना मागव. तुझं पहिलं पाठ्यपुस्तक तेच. वेळापत्रकात वार नीट बघ : तिथे मोजणी रविवारपासून होते, म्हणून सोमवार ‘देफ्तेरा’, म्हणजे दुसरा, आणि ‘त्रीती’, म्हणजे तिसरा, हा मंगळवार. ‘त्रीती’ला बुधवार समजलीस, तर पहिल्याच आठवड्यात ड्यूटी चुकेल.